उत्तरायुष्य आणि बुद्धीचा व्यायाम : सव्वाशे वर्षांच्या शोधाचा आढावा

वार्धक्यात शरीर थकणार, हे प्रत्येकाने मनाशी गृहीत धरलेले असते. गुडघे कुरकुरतात, दृष्टी मंदावते, जिना चढताना दम लागतो. या गोष्टी माणूस फारशी खंत न करता स्वीकारतो. परंतु ओळखीच्या गृहस्थाचे नाव ऐनवेळी आठवू नये, साधा हिशेब दोनदा करावा लागावा, बोलता बोलता वाक्याचे टोक हरवावे, असे होऊ लागले की मन धास्तावते. मग हळूहळू चारचौघांत बोलणे कमी होते, व्यवहाराच्या वह्या मुलांच्या हाती जातात आणि घरातील कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री खिडकीजवळच्या खुर्चीत स्थिरावते. ‘आता वय झाले’ या तीन शब्दांत सारे घर या बदलाचे स्पष्टीकरण देऊन मोकळे होते.

हे स्पष्टीकरण कितपत खरे आहे? व्यायामाने स्नायू बळकट होतात, तशी अभ्यासाने उतारवयातील बुद्धी सावरता येते काय? आणि बुद्धी सावरली तर मनाची उभारीही टिकते काय? या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून अधिक जुना आहे. त्यात थोर विचारवंत आहेत, हजारो सामान्य वृद्ध स्त्री-पुरुष आहेत, आणि वृद्धांच्या भीतीवर व्यापार करणारेही आहेत. ज्या ज्येष्ठांच्या श्रमांवर संस्था उभ्या राहतात आणि पन्नास वर्षे टिकतात, त्यांच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नाचा हा इतिहास सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने जाणून घेणे उचित ठरेल.

मुंबईतील एक परीक्षा

इ. स. १८९१ च्या जुलै महिन्यात मोहनदास करमचंद गांधी बॅरिस्टर होऊन विलायतेहून मुंबईस परतले. तेथे डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी त्यांची एका तरुण जवाहिऱ्याशी ओळख करून देण्यात आली. हा तरुण म्हणजे श्रीमद् राजचंद्र होय. त्यांचे वय त्या वेळी अवघे तेवीस वर्षांचे होते. परंतु शतावधानी म्हणून त्यांची कीर्ती आधीच पसरलेली होती. इ. स. १८८७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी मुंबईतील सर फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये जाहीररीत्या शतावधानाचा प्रयोग करून दाखविला होता. शतावधान म्हणजे एकाच बैठकीत शंभर भिन्न गोष्टींवर चित्त ठेवणे आणि त्या सर्व अचूक परत सांगणे. ही साधना भारतात प्राचीन काळापासून चालत आली असून जैन परंपरेतही अनेक अवधानी होऊन गेले.

विलायतेहून नुकत्याच आलेल्या बॅरिस्टरास या शक्तीची परीक्षा पाहण्याची इच्छा झाली. युरोपीय भाषांतील आपल्याला ठाऊक असलेले शब्द गांधींनी संपेपर्यंत उच्चारले. राजचंद्रांनी ते सर्व शब्द ज्या क्रमाने ऐकले त्याच क्रमाने परत सांगितले. गांधींनी आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग नमूद केला आहे. त्या शक्तीचा हेवा वाटला, तरी आपण तिने भारावून गेलो नाही. भारावून टाकले ते पुढे कळलेल्या गोष्टींनी, म्हणजे त्यांच्या शास्त्रज्ञानाने, निर्मळ चारित्र्याने आणि आत्मदर्शनाच्या तळमळीने, असेही ते लिहितात. स्वतः राजचंद्रांनी तर विशीच्या सुमारासच अवधानाचे जाहीर प्रयोग सोडून दिले होते.

असामान्य पुरुषाची असामान्य स्मृती पाहून सामान्य माणसाच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. ही देणगी जन्मजात की अभ्यासाने मिळणारी, हा पहिला. आणि ती अभ्यासाने वाढत असेल, तर तिचा रोजच्या जगण्यात उपयोग काय, हा दुसरा. बुद्धीच्या व्यायामाचा पुढील सर्व इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो.

एका प्राध्यापकाचे पाठांतर

योगायोग असा की, मुंबईतील या भेटीच्या एकच वर्ष आधी, इ. स. १८९० मध्ये, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम जेम्स यांनी मानसशास्त्राच्या मूलतत्त्वांवरील आपला विख्यात ग्रंथ प्रसिद्ध केला. पाठांतराने स्मरणशक्ती वाढते हा सर्वमान्य समज त्यांनी स्वतःवरच तपासून पाहिला होता. प्रथम त्यांनी व्हिक्टर ह्यूगोच्या एका काव्याच्या १५८ ओळी पाठ केल्या. त्यास सुमारे १३२ मिनिटे लागली. त्यानंतर रोज वीस-पंचवीस मिनिटे देऊन ३८ दिवसांत त्यांनी मिल्टनच्या ‘पॅरॅडाइज लॉस्ट’चा पहिला सर्ग मुखोद्गत केला. एवढा व्यायाम झाल्यावर ते पुन्हा ह्यूगोच्या त्याच काव्याकडे वळले आणि पुढच्या १५८ ओळी पाठ केल्या. या खेपेस १५१ मिनिटांहून थोडा अधिकच वेळ लागला!

त्या दिवसांत इतर कामांनी आपण थकलो होतो, अशी प्रामाणिक नोंद जेम्स यांनी केली आहे. इतर काही जणांकडूनही त्यांनी असेच प्रयोग करवून घेतले. त्यांचा निष्कर्ष असा की, धारण करण्याची मूळ शक्ती पाठांतराने वाढत नाही. एका गोष्टीशी दुसरी गोष्ट जोडण्याची रीत मात्र सुधारता येते. इ. स. १९०१ मध्ये थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या दोन संशोधकांनी आणखी एक पायरी गाठली. विशिष्ट आकारांचे क्षेत्रफळ अंदाजाने सांगण्याचा सराव माणसांना दिला, तर त्या आकारांपुरता अंदाज सुधारतो, वेगळ्या आकारांना त्याचा फारसा लाभ होत नाही, असे त्यांना आढळले. एका कामाचा सराव दुसऱ्या कामास कितपत उपयोगी पडतो, ही शंका तेव्हापासून या शास्त्राच्या पाठीस लागली आणि ती आजतागायत सुटलेली नाही.

याच काळात मेंदूच्या पेशींचा अभ्यास करणारे स्पेनचे थोर शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनी, प्रौढ मेंदूतील मार्ग एकदा ठरले की ठरले, ते बदलत नाहीत, असे मत मांडले. इ. स. १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या विद्वानाच्या शब्दाला मोठे वजन होते. परिणामी वृद्धांच्या बुद्धीविषयी काही करता येईल, हा विचारच कित्येक दशके मागे पडला.

बंद दार किलकिले झाले

हे दार प्रथम उघडले ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत. प्राण्यांवरील प्रयोगांविषयी जैन वाचकाच्या मनात स्वाभाविक व्यथा असते. तथापि इतिहास सांगताना ही घटना वगळता येत नाही. मार्क रोझेनझ्वाइग, डेव्हिड क्रेच, एडवर्ड बेनेट आणि मॅरियन डायमंड यांनी काही उंदीर एकेकटे आणि रित्या पिंजऱ्यात ठेवले, तर काही मोठ्या पिंजऱ्यात, सोबत्यांसह आणि सतत बदलणाऱ्या खेळण्यांसह ठेवले. सोबत आणि नावीन्य लाभलेल्या उंदरांच्या मेंदूचा बाह्यस्तर अधिक जाड झाल्याचे इ. स. १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे इ. स. १९८५ मध्ये डायमंड यांनी ९०० दिवसांच्या, म्हणजे उंदराच्या मानाने अतिशय वृद्ध अशा प्राण्यांतही हाच बदल दाखवून दिला. म्हातारा मेंदूही बदलू शकतो, याचा तो पुरावा होता. त्या प्रयोगातील लाभ एकट्या खेळण्यांचा नव्हता, सोबत्यांचाही होता. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

माणसांच्या बाबतीत पहिला ठोस दाखला अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराने पुरविला. तेथे इ. स. १९५६ पासून वॉर्नर शाय हे मानसशास्त्रज्ञ त्याच त्या नागरिकांची बुद्धी ठराविक वर्षांनी तपासत आले होते. त्यामुळे कोणाची बुद्धी स्थिर आहे आणि कोणाची घसरली आहे, हे अंदाजाने नव्हे तर नोंदींवरून सांगता येत असे. इ. स. १९८६ मध्ये शाय आणि त्यांच्या सहकारी शेरी विलिस यांनी ६४ ते ९५ वयाच्या २२९ व्यक्तींना केवळ पाच तासांचे शिक्षण दिल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. काहींना तर्काचे, तर काहींना दिशा व आकार ओळखण्याचे शिक्षण होते. सुमारे दोन तृतीयांश व्यक्तींची प्रगती झाली. ज्यांची बुद्धी घसरल्याचे नोंदींत दिसत होते, त्यांपैकी सुमारे ४० टक्के व्यक्ती चौदा वर्षांपूर्वीच्या आपल्या पातळीवर परत आल्या. वृद्धांची सर्वच घसरण रोगामुळे होत नाही, काही घसरण निव्वळ वापर थांबल्यामुळे होते, असा याचा अर्थ लावण्यात आला.

अठ्ठावीसशे वृद्धांची परीक्षा

विलिस यांच्या या अनुभवातून पुढे एक विशाल उपक्रम उभा राहिला. तो ‘अ‍ॅक्टिव्ह’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. इ. स. १९९८ पासून अमेरिकेतील सहा ठिकाणी ६५ ते ९४ वयाच्या २,८३२ व्यक्ती त्यात सहभागी झाल्या. त्यांचे सरासरी वय चौऱ्याहत्तरच्या आसपास होते. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे चार गट पाडण्यात आले. पहिल्या गटास स्मरणाच्या युक्त्या शिकविण्यात आल्या. यादीतील वस्तूंची वर्गवारी करणे, परिचित जागांशी त्यांची सांगड घालणे, असे त्यांचे स्वरूप होते. दुसऱ्या गटास अक्षरांच्या व अंकांच्या मालिकेतील क्रम ओळखण्याचे, म्हणजे तर्काचे शिक्षण मिळाले. तिसऱ्या गटाचा अभ्यास आकलनाच्या वेगाचा होता. संगणकाच्या पडद्यावर मध्यभागी एक चित्र आणि कडेला दुसरे चित्र क्षणभर चमके. दोन्ही ओळखायची असत. ते जमू लागले की चित्र दिसण्याचा अवधी आणखी कमी केला जाई. चौथ्या गटास काहीच शिकविले गेले नाही. तो केवळ तुलनेसाठी होता. शिक्षण पाच-सहा आठवड्यांत दहा बैठका, प्रत्येक बैठक सुमारे तासाभराची, एवढेच होते. त्यातील काहींना अकरा आणि पस्तीस महिन्यांनी उजळणीच्या बैठकाही देण्यात आल्या.

पहिले निष्कर्ष इ. स. २००२ मध्ये कार्लीन बॉल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. शिक्षण संपताच वेगाच्या गटातील ८७ टक्के, तर्काच्या गटातील ७४ टक्के आणि स्मरणाच्या गटातील २६ टक्के व्यक्तींमध्ये निश्चित सुधारणा दिसली. मात्र जे शिकविले तेच सुधारले. तर्क शिकलेल्याची स्मृती वाढली नाही, स्मरण शिकलेल्याचा वेग वाढला नाही. शंभर वर्षांपूर्वीचा थॉर्नडाइक-वुडवर्थ यांचा निष्कर्ष अठ्ठावीसशे वृद्धांनी जणू पुन्हा एकदा पुढे ठेवला.

तथापि काळ लोटला तशी या उपक्रमाची दुसरी बाजू दिसू लागली. इ. स. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, वेगाचे शिक्षण घेतलेल्यांत वर्षभरानंतर नैराश्याची लक्षणे बळावण्याची शक्यता तुलना-गटापेक्षा ३८ टक्क्यांनी कमी होती. बुद्धीच्या व्यायामाचा मनाच्या उभारीशी संबंध असू शकतो, याचा हा महत्त्वाचा संकेत होता. दहा वर्षांनंतरचा आढावा इ. स. २०१४ मध्ये आला. तर्काचा आणि वेगाचा लाभ दहा वर्षांनीही अंशतः टिकून होता. स्मरणाचा मात्र ओसरला होता. स्वयंपाक, औषधे, पैशांचे व्यवहार अशी रोजची कामे करताना येणारी अडचण शिक्षण घेतलेल्या तिन्ही गटांनी तुलनेने कमी असल्याचे सांगितले. इ. स. २०१७ मध्ये, वेगाचे शिक्षण घेतलेल्यांत दहा वर्षांत स्मृतिभ्रंशाचा धोका २९ टक्क्यांनी कमी आढळल्याचे प्रसिद्ध झाले. मात्र प्रत्येक व्यक्तीचे निदान तज्ज्ञ वैद्याने तपासून केलेले नसल्याने अनेक शास्त्रज्ञांनी हा आकडा सावधपणे स्वीकारावा असे सुचविले.

भीतीचा बाजार

शास्त्रज्ञ असे एकेक पाऊल जपून टाकत असताना बाजाराने मात्र धाव घेतली. इ. स. २००५ मध्ये जपानमधील निन्टेन्डो कंपनीने तोहोकू विद्यापीठाचे प्राध्यापक र्‍युता कावाशिमा यांच्या नावे मेंदूच्या व्यायामाचा खेळ विक्रीस आणला. त्याच्या प्रती जगभर प्रचंड प्रमाणात खपल्या. पाठोपाठ संगणकावर आणि पुढे मोबाइलवर अशा खेळांची रीघ लागली. रोज पंधरा मिनिटे खेळा आणि विस्मरणास दूर ठेवा, अशा आशयाच्या जाहिराती घरोघर पोहोचल्या.

इ. स. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये १८ ते ६० वयाच्या ११,४३० व्यक्तींनी सहा आठवडे असे खेळ खेळल्याचा वृत्तान्त ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खेळात सर्वांची प्रगती झाली. खेळाबाहेरच्या बुद्धीत मात्र काही विशेष फरक पडला नाही. इ. स. २०१४ मध्ये सुमारे सत्तर शास्त्रज्ञांनी, या खेळांविषयीचे दावे अतिशयोक्त असून वृद्धांच्या भीतीचा त्यात गैरफायदा घेतला जातो, असे निवेदन काढले. त्यास उत्तर म्हणून शंभरहून अधिक संशोधकांनी, सर्वच व्यायामांना एका मापाने मोजणे योग्य नाही, असे दुसरे निवेदन प्रसिद्ध केले. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. इ. स. २०१५ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या ६,७४२ व्यक्तींच्या सहा महिन्यांच्या प्रयोगात तर्काच्या व्यायामाचा काही उपयोग दिसला, आणि साठीपुढील व्यक्तींना रोजच्या कामांतही थोडा लाभ झाला. दुसरीकडे, इ. स. २०१६ च्या जानेवारीत अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ‘ल्युमॉसिटी’ या खेळांच्या चालकांवर पुराव्याविना दावे केल्याचा ठपका ठेवला आणि वीस लाख डॉलर भरून त्यांनी ते प्रकरण मिटविले.

एकंदर बोध असा की, खेळ खोटा नव्हता, त्याच्या नावाने दिलेले अभिवचन खोटे होते. शब्दकोडे सोडवणारा शब्दकोड्यात तरबेज होतो, सुडोकू सोडवणारा सुडोकूत. त्यात आनंद आहे आणि आनंदास मोल आहे. परंतु त्यामुळे विस्मरणाचा रोग टळेल अशी हमी कोणीही देऊ शकत नाही.

मोठ्याने वाचन आणि शेजारी बसलेला माणूस

कावाशिमांचे नाव खेळामुळे सर्वतोमुखी झाले. परंतु त्यांचे अधिक विचारप्रवर्तक काम एका वृद्धाश्रमातील होते. जपानच्या फुकुओका प्रांतात, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना त्यांनी मोठ्याने वाचन आणि सोपी अंकगणिते असा नित्याचा अभ्यास दिला. सोळा जणांनी हा अभ्यास केला, दुसऱ्या सोळा जणांना तो दिला नाही. इ. स. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालानुसार, सहा महिन्यांनी अभ्यास करणाऱ्यांच्या मेंदूच्या पुढील भागाशी निगडित क्षमता सुधारल्या. त्यांचे इतरांशी बोलणे आणि स्वतःची कामे स्वतः करणेही वाढले. प्रयोग लहान होता. शिवाय अभ्यासाच्या वेळी वृद्धांच्या शेजारी एक साहाय्यक बसत असे. लाभ गणिताचा किती आणि शेजारच्या माणसाचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. बर्कलीच्या प्रयोगातील सोबत्यांचे महत्त्व येथे पुन्हा आठवते.

मनाच्या उभारीविषयीचा एक अत्यंत मोलाचा दाखला तर महाराष्ट्राच्या शेजारी, गोव्यात घडला. तेथील डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी साठी उलटलेल्या १८१ व्यक्ती निवडल्या. त्यांच्यात उदासीची लक्षणे होती, परंतु नैराश्याचा पूर्ण विकार जडलेला नव्हता. त्यांच्यापैकी अर्ध्यांसाठी वैद्यकीय पदवी नसलेले, परंतु प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक नेमले. त्यांनी वृद्धांना एक साधी विचारपद्धती शिकविली. मनातील गोंधळातून एक अडचण निवडायची, तिच्यावरील निरनिराळे उपाय मांडायचे, त्यातला एक निवडून करून पाहायचा आणि परिणाम तपासायचा. जोडीला झोपेची शिस्त, मधुमेहासारख्या आजारांची काळजी आणि शासकीय योजनांपर्यंत पोहोचण्यास मदत होती. इ. स. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरात नैराश्याचा विकार जडण्याचे प्रमाण या गटात ४.४० टक्के होते, तर नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात ते १४.४४ टक्के होते. येथे संगणक नव्हता, चमकणारी चित्रे नव्हती. विचार करण्याची एक पद्धत होती आणि ती शिकविणारा, पुन्हा पुन्हा विचारपूस करणारा माणूस होता.

एक धागा नव्हे, अनेक धाग्यांचे वस्त्र

एकाच उपायावर विसंबण्याऐवजी अनेक उपाय एकत्र करून पाहावेत, हा विचार फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांनी प्रत्यक्षात आणला. त्यांच्या ‘फिंगर’ या अभ्यासात ६० ते ७७ वयाच्या १,२६० व्यक्ती होत्या. एका गटास दोन वर्षे पथ्याचा आहार, व्यायाम, बुद्धीचा अभ्यास आणि रक्तदाब इत्यादींवर देखरेख असे चारही उपाय एकत्र देण्यात आले; दुसऱ्यास सर्वसाधारण आरोग्यविषयक सल्ला मिळाला. इ. स. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, बुद्धीच्या एकूण चाचणीत पहिल्या गटाची सुधारणा दुसऱ्यापेक्षा २५ टक्क्यांनी अधिक होती. याच धर्तीवर अमेरिकेत ६० ते ७९ वयाच्या २,१११ व्यक्तींवर झालेल्या ‘पॉइंटर’ या अभ्यासाचे निष्कर्ष इ. स. २०२५ मध्ये जाहीर झाले. स्वतःच्या सवडीने उपाय करणारे आणि नियमित भेटीगाठी व शिस्तीने करणारे, अशा दोन्ही गटांची बुद्धी सुधारली. शिस्तीने करणाऱ्यांची अधिक सुधारली.

‘लॅन्सेट’च्या आयोगाने इ. स. २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशास हातभार लावणाऱ्या, परंतु बदलता येण्यासारख्या चौदा गोष्टी सांगितल्या. अल्पशिक्षण, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, मद्यपान, हालचालीचा अभाव यांबरोबरच कमी ऐकू येणे, न सुधारलेला दृष्टिदोष, नैराश्य आणि एकाकीपणा यांचाही त्यात समावेश आहे. या चौदाही गोष्टी दूर करता आल्या, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबविता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे. भारताच्या दृष्टीने याचे महत्त्व फार मोठे आहे. इ. स. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार, साठीपुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज आहे.

इतिहासाचे सांगणे

या सव्वाशे वर्षांचे सार काढायचे तर ते फार गुंतागुंतीचे नाही. उतारवयातही मेंदू शिकतो. काहालच्या काळातील निराशा खरी ठरली नाही. जे शिकावे ते सुधारते. म्हणून ज्या कामात टिकून राहायचे आहे, त्याच कामाचा सराव ठेवावा. हिशेबाची बुद्धी हिशेबाने टिकते, वाचनाची वाचनाने, माणसे ओळखण्याची माणसांत मिसळण्याने. आणि कोणताही व्यायाम एकट्याने पुरा पडत नाही. चालणे, आहार, औषधांची शिस्त, वेळेवर लावलेले कर्णयंत्र आणि विचारपूस करणारा माणूस, हे सारे त्याच्या जोडीला लागते.

एक सावधगिरीही आवश्यक आहे. नाव विसरणे हा वयाचा भाग असू शकतो. परंतु नेहमीचा रस्ता चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, स्वभाव एकाएकी पालटणे, किंवा आठवडेच्या आठवडे कशातही मन न रमणे, ही लक्षणे दिसली तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता वैद्याकडे जावे. काही विस्मरणे बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे, थायरॉइडच्या विकारामुळे किंवा नैराश्यामुळेही होतात आणि त्यांवर उपचार आहेत. कोणत्याही खेळाने वा पाठांतराने ही तपासणी टाळता येत नाही.

आता पुन्हा इ. स. १८९१ च्या मुंबईकडे वळावे. शब्दांची ती लांबलचक मालिका अचूक परत आली, तरी ऐकणाऱ्याच्या अंतःकरणात राहिले ते वेगळेच काही होते. स्मृतीचा पराक्रम क्षणभर थक्क करतो. स्मृती ज्या जीवनाच्या कामी येते ते जीवन मात्र दीर्घकाळ प्रकाश देते. वृद्धांच्या बाबतीतही हेच खरे. शंभर गोष्टी आठवणे त्यांच्या उपयोगाचे नाही. आपल्या घरात, आपल्या समाजात आपल्या शब्दाला अजून अर्थ आहे, आपल्यावर एखादे काम सोपविलेले आहे, हे त्यांना रोज जाणवणे अगत्याचे आहे.

हे करावयास मोठा निधी लागत नाही की नवी इमारत लागत नाही. आजोबांकडून काढून घेतलेली हिशेबाची वही, चुका होतील हे जाणूनही, पुन्हा त्यांच्या हाती द्यावी. आजीला धाकट्या नातवंडाचा पाठ घेऊ द्यावा. पाठशाळेत, वाचनालयात, संध्याकाळच्या बैठकीत एखादी जबाबदारी सत्तरीपुढील व्यक्तीसाठी राखून ठेवावी. वाक्य मध्येच अडले तर ते पुरे करण्याची घाई न करता क्षणभर थांबावे. खिडकीजवळच्या त्या खुर्चीतून घरातील ज्येष्ठ पुन्हा चारचौघांत येऊन बसले, तर सव्वाशे वर्षांच्या या शोधाचे फळ त्या घराला मिळाले असे खुशाल म्हणता येईल.